टेक्सास: रात्रीची शिफ्ट, हॉस्पिटलचं पार्किंग आणि गाडीत पिस्तूल?

निशिगंध
ह्यूस्टनच्या बाहेर एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. हल्ली इव्हिनिंग शिफ्ट लागलीये, म्हणजे सुटायला रात्रीचे साडेअकरा होतात आणि आमचं एम्प्लॉयी पार्किंग बिल्डिंगच्या मागे रस्ता ओलांडून, अर्धे दिवे बंदच असतात. मध्यंतरी एका नर्सच्या गाडीची काच फोडली, मग आठवड्याभरात एकीच्या मागे मागे एक माणूस गाडीपर्यंत आला पैसे मागत, ती धावत परत आत. झालं काही नाही पण तेव्हापासून पोटात गोळा येतो निघताना.

परवा माझ्याबरोबरची टेक्निशियन, पक्की टेक्सन बाई, पन्नाशीची, तिने गाडीचा कन्सोल उघडून मला तिचं पिस्तूल दाखवलं. इतक्या सहज जसं आपण पर्समधला रुमाल दाखवू. म्हणाली तूही ठेव, इथे सगळ्या ठेवतात. आता एचआरच्या हँडबुकात लिहिलंय प्रॉपर्टीवर शस्त्र नको, दारावर पण पाटी आहे, मग ही ठेवते कशी? नवरा म्हणतो वेड लागलंय का, आणि दीर सध्या आमच्याकडे राहतोय तो एकदम उत्साहात, वहिनी घेऊया म्हणून मागे लागलाय, शूटिंग रेंजवर जायचे प्लॅन पण करून झाले त्याचे. माझं आणि नवऱ्याचं ग्रीन कार्ड झालंय.

कोणी ठेवतं का गाडीत? कायदा काय म्हणतो? प्लीज डेमोक्रॅट रिपब्लिकन नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

तिरकस
"प्लीज राजकारण नको" लिहिलंत ना, आता धागा शंभरी गाठणार. खुर्ची घेऊन बसलोय.

बायूकाठ
वीस वर्षं झाली ह्यूस्टनात, लायसन्स टू कॅरी (एलटीसी, गन जवळ बाळगायचं राज्याचं लायसन्स) आहे, म्हणून लिहितो. तुमची टेक्निशियन बेकायदा काही करत नाहीये. टेक्सासमध्ये २०११ साली एसबी ३२१ नावाचा कायदा झाला, १ सप्टेंबरपासून लागू, त्यानुसार कायदेशीर बाळगलेली गन स्वतःच्या, लॉक केलेल्या गाडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये ठेवायला एम्प्लॉयर बंदी घालू शकत नाही. हँडबुकात काहीही लिहू दे. अपवाद आहेत म्हणजे कंपनीने दिलेली गाडी असेल तर कंपनी नाही म्हणू शकते, शाळा आहेत, काही रिफायनऱ्या आणि केमिकल प्लांट आहेत, आपल्याकडे पासाडेना डिअर पार्क साइडला कामाला असणाऱ्यांनी म्हणून आधी नीट विचारून घ्यावं. दारावरची पाटी म्हणजे बहुतेक ३०.०६ ची, लायसन्स असलं तरी लपवलेली गन आत नको सांगणारी, ती बिल्डिंगसाठी, टेक्सासच्या कायद्यात "प्रिमायसेस" म्हणजे बिल्डिंग, पार्किंग त्यात धरत नाहीत. मात्र आत नेलंत तर तो गुन्हा, आणि गाडीत असली तरी बाहेरून दिसेल अशी सीटवर टाकून ठेवायची नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं तर ओक्लाहोमातून. २००२ मध्ये व्हॅलियंट गावात वेअरहॉयझरच्या पेपर मिलने पार्किंगमधल्या गाड्या तपासल्या, शिकारीचा सीझन उघडायचा दिवस, लोकांच्या ट्रकमध्ये रायफली निघाल्या आणि कंपनीने त्यांना काढून टाकलं. तिथल्या लोकांना ते इतकं लागलं की २००४ मध्ये राज्याने कायदाच केला, मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, पण २००९ ला फेडरल अपील कोर्टाने कायदा कायम ठेवला. मग फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना २००८ च्या आसपास, आज वीसहून जास्त राज्यांत असलं काहीतरी आहे.

एक सांगायचं राहिलं, २०२१ पासून इथे एकवीस वर्षांवरच्यांना परमिट लागत नाही हे खरं, पण तरी एलटीसीचा क्लास कराच. का ते नंतर लिहितो, मीटिंग आहे.

एडिसनचे_काका
अहो काय चाललंय काय? फार्मसीत काम करणारी आपली मुलगी आणि तिला तुम्ही पिस्तुलाचे अपवाद शिकवताय. आम्ही १९८८ ला आलो तेव्हा जर्सी सिटीत डॉटबस्टर्सचा काळ होता, टिकली लावलेली बाई दिसली की त्रास द्यायचे, मारहाण करायचे, लोक जिवानिशी गेले. तेव्हाही आमच्यापैकी कुणी गन घेतली नाही. सगळे मिळून पोलिसांकडे गेलो, मोर्चे काढले.

आणि बायूकाठ, तुमचा टेक्सासचा कायदा तिथेच ठेवा. इथे न्यू जर्सीत असली गाडी घेऊन आलात तर काय होतं त्याचं उदाहरण आहे, २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाची एक बाई, दोन मुलांची आई, तिच्या राज्याचं परमिट होतं, अटलांटिक सिटीजवळ गाडी थांबवली आणि तिने आपणहून पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे गन आहे. अटक. इथे काही वर्षं सक्तीची कैद होते अशा केसमध्ये. शेवटी २०१५ ला गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली. तिच्या राज्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

बायूकाठ
काका, मान्य, एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. गाडीने राज्यं ओलांडताना फेडरल कायद्याचं थोडं संरक्षण आहे, पण त्यासाठी गन रिकामी हवी, डिकीत हवी, आणि डिकी नसेल तर कुलपाच्या डब्यात, ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल चालत नाही. म्हणजे ज्या पद्धतीने आम्ही इथे रोज ठेवतो नेमकी तीच पद्धत तिथे चालत नाही. पण बाई ह्यूस्टनमध्ये राहतात, एडिसनमध्ये नाही.

पीचट्री_पोहे
अटलांटातून. आमच्याकडे गाडीतून गन चोरीला जाणं हे इतकं कॉमन आहे की पोलीस गाडी फुटल्याचा रिपोर्ट घेताना पहिलाच प्रश्न विचारतात, आत गन होती का. माझ्या शेजाऱ्याची गेली, त्याच्या ऑफिसच्या पार्किंग डेकमधून, दुपारी. चोर लॅपटॉप शोधत नव्हताच, मागच्या काचेवर गन कंपनीचं स्टिकर होतं, तो बरोब्बर त्याच गाडीशी आला, दोन मिनिटांत काच, ग्लव्ह बॉक्स, पसार. बाकी कुठल्याच गाडीला हात नाही. नंतर महिनोन् महिने त्याला झोप नव्हती, ती गन कुठे वापरली जाईल म्हणून.

एटीएफचाच, म्हणजे गनचं बघणाऱ्या फेडरल खात्याचाच, रिपोर्ट आहे, २०१७ ते २०२१ ह्या पाच वर्षांत सामान्य लोकांकडच्या दहा लाखांहून जास्त गन चोरीला गेल्याची नोंद झाली. आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये पिअर १४ वर वडिलांबरोबर फिरणाऱ्या मुलीला गोळी लागली होती आठवतं का, देशभर इमिग्रेशनवरून केवढा गदारोळ झाला. ती गन एका फेडरल रेंजरच्या पार्क केलेल्या गाडीतून चोरलेली होती, चारेक दिवस आधी. ट्रेनिंग घेतलेल्या माणसाची ही गत.

निशिगंध, तुमच्या लॉटमध्ये काच आधीच फुटलेली आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याच लॉटमध्ये तुम्ही रोज आठ नऊ तास गन एकटी सोडून जाणार.

तिरकस
स्टिकरवाला मुद्दा भारी आहे. "आम्ही ९११ ला फोन करत नाही" असं लिहिलेल्या पिकअप बघितल्या की मला वाटतं अरे बाबा हा चोरासाठी मेन्यू कार्ड लावून फिरतोय.

कागदीघोडे
सगळे टेक्सास जर्सी करतायत आणि मूळ पोस्टमधली सगळ्यात डेंजर ओळ कोणी वाचलीच नाही. निशिगंधताई, तुमचे दीर कुठल्या व्हिसावर आहेत?

निशिगंध
एच वन बी. का? तो काही विकत घेणार नाहीये, घ्यायचं तर मी घेणार ना.

कागदीघोडे
मी वकील नाही, पण आमच्या कंपनीत इमिग्रेशनची कागदपत्रं बघणं हेच माझं काम, म्हणून सांगतो, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा.

फेडरल कायद्याप्रमाणे नॉन इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, म्हणजे एच वन, एच फोर, एल वन, एफ वन, बी टूवर आलेले आईवडीलसुद्धा, गन किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. टेक्सासने परमिट काढून टाकलं, तुमच्या कौंटीचा शेरीफ हसून सोडून देतो, याने काहीही फरक पडत नाही कारण हा देशाचा कायदा आहे. २०२२ नंतर शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. आणि "बाळगणं" म्हणजे मालकी नव्हे. हातात घेतली तरी बाळगणं, आणि जिथे त्याचा ताबा आहे अशा ठिकाणी आहे आणि त्याला माहिती आहे, तरी बाळगणं ठरू शकतं. आता सांगा, तुमची गाडी दीर चालवतात का?

निशिगंध
बाप रे. हो, वीकेंडला किराणा आणायला तोच नेतो, त्याची गाडी अजून आली नाहीये.

कागदीघोडे
बस, तेच. कन्सोलमध्ये तुमचं पिस्तूल, वहिनीने स्वतः दाखवलेलं, आणि चावी दिराकडे. रस्त्यात पोलिसाने थांबवलं की त्याचं ग्रीन कार्डचं स्वप्न गेलं. तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणजे तुम्हाला विकत घेता येईल, ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, तो सगळा रस्ता सरळ आहे. पण तुम्ही पण अजून सिटिझन नाही हे लक्षात ठेवा. गनच्या बाबतीतला गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्डवाल्यालाही डिपोर्ट करायचं कलम इमिग्रेशन कायद्यात वेगळं लिहिलेलं आहे. तुमच्या टेक्सन मैत्रिणीला जिथे दंड होईल तिथे तुम्हाला देश सोडायची वेळ येऊ शकते, दोघींसाठी खेळ एकच नाही.

ओपीटी_ते_एचवन
एक मिनिट, रेंजवर पण नाही चालत का?? आमच्या टीमचं आउटिंग ठरलंय शूटिंग रेंजला, अर्धी टीम एच वन. वेगासला तर आपली सगळी पोरं जातात, मशीनगन चालवल्याचे फोटो असतात इन्स्टावर.

कागदीघोडे
फोटो तर मुळीच टाकू नका. २०१९ ला सुप्रीम कोर्टात रेहाइफ नावाची केस गाजली, फ्लोरिडातला एक फॉरेन स्टुडंट, कॉलेजने काढून टाकल्याने स्टेटस गेलेलं, रेंजवर जाऊन गन चालवली एवढंच. खालच्या कोर्टात दीड वर्षाची शिक्षा झाली होती. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपण बंदी असलेल्या गटात आहोत हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं. म्हणजे पळवाट नाही, हा धागा वाचल्यावर तुम्हाला तर माहीत झालंच!

एक खरा अपवाद आहे. कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर नॉन इमिग्रंटलाही चालतं, कायद्यातच लिहिलंय, जुगाड नाही. पण ते चालू असलं पाहिजे. टेक्सासचं हंटिंग लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, कधीही काढलेलं असू दे. १ सप्टेंबरला सकाळी उठलात, लायसन्स रिन्यू नाही, गन कपाटात, की तुम्ही परत गुन्हेगार. तुमच्या आउटिंगसाठी बोलिंग बरं.

ओपीटी_ते_एचवन
मॅनेजरला मेल टाकतो. गोऱ्या मॅनेजरला हे माहीतच नसणार.

रानमेवा
मी जुन्नर तालुक्यातला, सध्या पुण्यात, मुलगा डॅलसला असतो म्हणून इकडे येऊन वाचतो. आमच्या भागात बिबट्याचं किती आहे ते तुम्ही बातम्यांत वाचत असाल, उसात पिल्लं घालतो, रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला जावंच लागतं. त्यामुळे भीती म्हणजे काय ते मला कोणी सांगू नये. आमच्या चुलत्यांकडे बारा बोअरची आहे, लायसन्सची, आजोबांपासूनची. ती मिळवायची म्हणजे कलेक्टर कचेरी, पोलिसांचा अहवाल, कारण काय, किती जमीन, शेजाऱ्याशी भांडण आहे का, सगळं. आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. ग्रामपंचायत झेडपी विधानसभा लोकसभा, ती बंदूक घरी कमी आणि ठाण्यात जास्त असते. चुलते म्हणतात बिबट्याला आचारसंहिता लागू नाही हे सरकारला कोण सांगणार.

बंदूक असूनही पाणी धरायला जाताना ते दोघं तिघं मिळून, बॅटऱ्या घेऊन, मोठ्याने बोलत जातात. बंदूक भिंतीवर.

तिरकस
चुलत्यांना माझा नमस्कार सांगा.

ह्या निमित्ताने एक, ज्यांच्याकडे इथे गन आहे त्यांनी रेंजची बॅग आणि भारतात जायची बॅग एक ठेवू नका. ओळखीतल्या एकाच्या बॅकपॅकच्या खालच्या कप्प्यात एक गोळी राहिली, एकच. इकडून कोणाला दिसली नाही, परतताना मुंबईला एक्सरेत दिसली. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स अॅक्ट, लायसन्सशिवाय काडतूस म्हणजे एफआयआर, विमान गेलं, पासपोर्ट अडकला. अशा केसेसमध्ये जाणूनबुजून बाळगलं नव्हतं म्हणून हायकोर्टं एफआयआर रद्द करतात, बरेच निकाल आहेत तसे, पण तोवर वकील आणि तारखा.

रात्रपाळी
डॅलसमध्ये आयसीयू नर्स आहे, नाईटच करते. निशिगंध, मी एक विचारू का, तुला भीती नक्की कुठे वाटते? हॉस्पिटलच्या दारापासून गाडीपर्यंत ना? मग त्या वेळी पिस्तूल कुठे असणार? गाडीत. तू आत नेऊ शकत नाहीस. म्हणजे ज्या तीन मिनिटांसाठी हवंय नेमकी तीच तीन मिनिटं ते तुझ्याजवळ नाहीये, आणि तो मागे लागलेला माणूस तुझ्याआधी गाडीपाशी पोचला तर मग विचारच नको.

तर आधी हे कर. एक, टेक्सासमध्ये २०२३ ला एसबी २४० झालाय, हॉस्पिटलांना वर्कप्लेस व्हायोलन्सची कमिटी आणि लेखी प्लॅन ठेवणं बंधनकारक आहे, कमिटीत प्रत्यक्ष पेशंट बघणारी एक नर्स आणि एक डॉक्टर असायलाच हवेत, आणि शक्य असेल तिथे सिक्युरिटीचा माणूस. त्यांना ईमेल कर. तोंडी नाही, ईमेल. दिवे बंद आहेत, अमुक तारखेला काच फुटली, अमुक तारखेला सहकारी बाईचा पाठलाग झाला, असं. आमच्याकडे दोन वर्षं बोंब मारून जे झालं नाही ते एका लेखी मेलने झालं कारण लेखी तक्रार असताना पुढे काही घडलं तर हॉस्पिटल अडकतं आणि ते त्यांना चांगलं कळतं. बाकी सिक्युरिटी एस्कॉर्ट माग, बहुतेक ठिकाणी असतो आणि लाजून कोणी मागत नाही. आणि रात्री सुटणाऱ्यांना गॅरेजमध्ये जागा द्या म्हणून सगळ्यांच्या सह्या घे, दिवसा भरलेलं गॅरेज रात्री ओस असतं.

पेपर स्प्रे टेक्सासमध्ये चालतो, पण आत न्यायचा का ते हॉस्पिटलला विचार.

बायूकाठ
सगळं बरोबर आहे पण एस्कॉर्टचं वास्तव सांगू का, रात्री बाराला एकच गार्ड असतो, तो इआरमध्ये कुणाला तरी आवरत असतो, तुम्ही अर्धा तास लॉबीत. दोन दिवसांनी माणूस कंटाळून एकटा निघतो. आणि गाडीत बसल्यावर पुढची चाळीस मिनिटं आय टेन हायवेवर काय? मी रोड रेज बघितलीये इथली.

रात्रपाळी
रोड रेजमध्ये तुम्ही गन काढणार का? कशासाठी?

बायूकाठ
काढणार नाही, तेच तर क्लासमध्ये शिकवतात. नुसती दाखवली तरी गुन्हा लागू शकतो. माझी वीस वर्षांत एकदाही कन्सोलमधून बाहेर आलेली नाही आणि ती तशीच राहावी. पण असण्यानसण्यात फरक आहे, मला तो वाटतो, तुम्हाला नाही वाटत, ठीक.

ठेवायचीच असेल तर सीटच्या फ्रेमला केबलने बांधलेला स्टीलचा छोटा सेफ घ्या, ग्लव्ह बॉक्सचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने उघडतं. आणि पार्किंगमध्ये पोचल्यावर सेफमध्ये ठेवत बसू नका, कुणीतरी बघतच असतं, घरूनच ठेवून निघा. रात्री गाडीतून घरात. कोलोरॅडोत तर २०२५ पासून रिकाम्या गाडीत हँडगन असेल तर कुलपाचा कडक डबा आणि नजरेआड हे कायद्यानेच सक्तीचं केलंय, टेक्सासने केलं नाही म्हणून आपण करू नये असं थोडंच आहे.

एडिसनचे_काका
वीस वर्षांत एकदाही बाहेर आली नाही म्हणता, मग रोज घरातून गाडीत आणि गाडीतून घरात ने आण कशाला, देव आहे का तो?

तिरकस
काका फॉर्मात.

निशिगंध
सगळ्यांचे आभार, खरंच. अपडेट देते.

दिराला कागदीघोडेंची पोस्ट वाचून दाखवली, तो गप्प झाला आणि रेंजचं बुकिंग कॅन्सल केलं, पैसे अर्धेच परत मिळाले, ते मी देणार म्हटलंय. रात्रपाळी, मेल टाकला, सात जणींची नावं खाली. तिसऱ्या दिवशी फॅसिलिटीजचा माणूस येऊन दिवे बघून गेला, आणि सोमवारपासून रात्री आठनंतर सुटणाऱ्यांना पेशंट गॅरेजचा पहिला मजला. एस्कॉर्टचं मात्र बायूकाठ म्हणतात तसंच आहे, वीस मिनिटं, पण आम्ही आता तिघी एकदम निघतो, टेक्निशियन पण आमच्यातच, ती तिचं पिस्तूल काही काढणार नाहीये कन्सोलमधून.

माझं असं की दीर घरात आहे तोवर विषय बंद. त्याची गाडी आली, तो स्वतंत्र राहायला गेला की परत विचार करेन, नवऱ्याशी अजून एकमत नाहीच. पण एलटीसीचा क्लास करावा असं वाटतंय, निदान हातात धरायची भीती जाईल. बायूकाठ, तुम्ही नंतर लिहितो म्हणालात ते राहिलं. आणि सकाळी लेकीला शाळेत सोडून जिममध्ये जाते, तेव्हा गाडीत असेल तर?

बायूकाठ
तेच लिहायचं होतं. शाळेच्या हजार फुटांच्या आत गन नेणं फेडरल गुन्हा आहे. राज्याचं लायसन्स असेल तर सूट, नसेल तर रिकामी आणि कुलपात बंद असली पाहिजे. टेक्सासने परमिट नको म्हटलं तरी ही सूट लायसन्सवाल्यालाच आहे, म्हणून बिनपरमिट कन्सोलमध्ये भरलेली ठेवून शाळेच्या कारलाइनमध्ये उभे राहणारे निम्मे आईबाप नकळत फेडरल कायदा मोडतात. एलटीसीला ग्रीन कार्ड चालतं, फी ४० डॉलर, क्लास चार ते सहा तासांचा, लेखी परीक्षा आणि मग पन्नास गोळ्या तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. पंधरा यार्डांवर बहुतेकांचे हात कापतात.

ह्यूस्टनजवळ केटी गावात एक बाई शिकवतात, त्यांच्या बॅचमध्ये सगळ्या बायकाच असतात. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

कागदीघोडे
क्लासलाही दिराला "सोबत म्हणून" नेऊ नका.